बिनपाण्याचा नळ

हरायची मला सवय आहे. सवय नव्हती ती दुसऱ्या नंबरावर येण्याची. हरणारा माणूस घरी जाऊन झोपतो. दुसरा आलेला माणूस जागा राहून विचार करतो, आणि माझ्यासारख्या माणसाने विचार केला की काय होतं ते आता सांगतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे विभागात कारकून आहे. गेली बावीस वर्षं शहराच्या जमिनीखालच्या नळवाहिन्या निळ्या शाईने कागदावर काढतो. (प्रत्यक्ष नळवाहिनी मी तोपर्यंत एकदाही पाहिली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.) दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून रोज चालायला सांगितलं. नुसतं चालणं मला जमेना. कुठे जायचं ते ठरलेलं नसलं की माझे पाय आपोआप घराकडे वळतात. तेव्हा ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी मला जिओकॅशिंगचा नाद लावला.

खेळ साधा आहे. कुणीतरी एक छोटी डबी कुठेतरी लपवतो आणि ती जागा मोबाइलच्या ॲपवर आकड्यांत देतो. बाकीच्यांनी मोबाइल हातात धरून तिथवर जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव, तारीख, वेळ लिहायची आणि डबी होती तशी ठेवून परत यायचं. मिळत काही नाही. पण कोऱ्या कागदावर पहिली सही आपली असावी, असं प्रत्येकाला वाटतं. निदान मला वाटायचं.

आणि मी जिथे जिथे धापा टाकत पोहोचलो, तिथे तिथे कागदावर पहिली सही एकाच माणसाची असायची. आमच्या मागच्या रस्त्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांची. अक्षर मोत्यासारखं. (डॉक्टर असून.) सहीच्या पुढे प्रत्येक वेळी तेच तीन शब्द, ‘धन्यवाद, मजा आली.’

माणूस खडूस असता तर मला सोपं गेलं असतं. पण हे डॉक्टर इतके सज्जन, की वाटेत भेटले तर स्वतःहून म्हणत, “आज तुमचीच पहिली सही व्हायची, माझ्या एका पेशंटने वेळ बदलली म्हणून मी आधी पोहोचलो.” अशा माणसाला उघडपणे शिव्याही देता येत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात पाण्यात पाहू लागलो. ॲपवर त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असायचं, ‘सापडल्या: चारशे अकरा. न सापडलेल्या: शून्य.’ चारशे अकराचा मला तितका त्रास नव्हता. मला त्रास होता त्या शून्याचा.

एका संध्याकाळी बसल्या बसल्या मी ठरवलं, आपण पहिले येऊ शकत नाही ना, ठीक आहे. आपण एक डबी अशी लपवू, की ती डॉक्टरांना सापडणार नाही.

आमच्या इमारतीच्या कुंपणाची भिंत एका अरुंद गल्लीला लागून आहे. त्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने नाना तऱ्हेचे पाइप, पेट्या, वायरी आहेत. मी भंगारवाल्याकडून एक जुना पितळी नळ आणला. त्याच्या पोटातलं सगळं काढून टाकलं, आत होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बसवली आणि बाटलीत कागदाची सुरळी. मग भिंतीला भोक पाडून तो नळ सिमेंटने पक्का केला. मागे पाइप वगैरे काही नाही. नुसता नळ. पुढची तोटी फिरवून काढली की बाटली हातात. लांबून बघा, जवळून बघा, नळ तो नळच.

हे सगळं मी बायकोला सांगितलं नाही. त्याला कारण होतं. ती इमारतीची सेक्रेटरी आहे, आणि भिंतीत परवानगीशिवाय खिळा ठोकणाऱ्याला ती नोटीस पाठवते. आम्हाला एक नोटीस आधीच आलेली आहे. ती तिने लिहिली होती आणि दारात उभं राहून मलाच दिली होती.

रविवारी सकाळी मी डबी ॲपवर टाकली. वीस मिनिटांत डॉक्टर गल्लीत हजर. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वर्तमानपत्र धरून उभा. गॅलरीतून भिंतीची बाहेरची बाजू दिसत नाही, फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी दिसतात. डॉक्टरांचं डोकं त्या सकाळी दोन तास दिसत होतं. ते कधी वाकायचं, कधी तिरकं व्हायचं, कधी थांबून विचार करायचं. दवाखान्यातला तो लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन ते प्रत्येक फटीत बघत होते. शेवटी ते घाम पुसत वर आमच्याकडे आले.

“सुरेख लपवली आहे,” ते म्हणाले. “नाही सापडली.”

“एखादी खूण सांगू का?” मी अगदी मोठ्या मनाने विचारलं.

“नको, नको. मग मजा काय राहिली?”

बायकोने त्यांना चहा दिला. त्यांनी तिच्या दुखऱ्या दाढेवर दोन शब्द सांगितले. जाताना ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. फाटकाशी ते तिच्याशी काहीतरी बोलताना मला दिसले. दाढेबद्दलच असणार असं मी गृहीत धरलं.

मंगळवारी डॉक्टर पुन्हा आले. बुधवारी दवाखाना संपवून आले. गुरुवारी तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन गेले. दरवेळी वर येऊन चहा घ्यायचे, हरल्याचं हसत हसत कबूल करायचे आणि जायचे. एकदा तोंड-मान ओली करून आले. रुमालाने पुसत म्हणाले, “तुमच्या गल्लीत पाण्याची सोय मात्र छान आहे हो. किती बरं वाटलं.” मी “हो ना” म्हटलं. वॉचमनने दिलं असेल पाणी, असं मला वाटलं. मी स्वतः त्या भिंतीकडे फिरकत नव्हतो. मालकच भिंतीपाशी घुटमळताना दिसला तर जागा फुटते, हे मला कळत होतं.

दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी ॲपवर लिहिलं, ‘आठ दिवस शोधली. सापडली नाही. हार मान्य. लपवणाऱ्याचं मनापासून कौतुक.’ आणि त्यांच्या नावापुढच्या शून्याचा एक झाला.

मी तो आकडा किती वेळा पाहिला ते सांगत नाही. (बायकोने मोजलं होतं. जेवताना अकरा वेळा.) पुढचे सहा दिवस माझे फार चांगले गेले. अनोळखी लोकांनी अभिनंदन केलं. टायपिस्टबाईंनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आणि आमच्या साहेबांनी मला पहिल्यांदाच माझ्या खऱ्या आडनावाने हाक मारली. आमच्या डबी शोधणाऱ्यांच्या गटाच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. त्यांनी फोन करून सांगितलं, “येत्या रविवारी सकाळी साडेआठला आपण सगळे तुमच्या गल्लीत जमतोय. जागा आता उघड करा, म्हणजे नवीन लोकांना शिकता येईल. चार शब्द बोलायचीही तयारी ठेवा.”

चार शब्दांची मी दोन पानं केली. शनिवारी संध्याकाळी म्हटलं, एकदा रंगीत तालीम करावी. गल्लीत कुणी नव्हतं. मी नळापुढे उभा राहिलो, घसा साफ केला, “मंडळी, आपण सगळे याच्यासमोरून गेलात,” असं म्हटलं आणि तोटी काढण्यासाठी हात घातला. तोटी निघेना. म्हणून मी वरची मूठ फिरवली.

नळाला पाणी आलं.

भरपूर, स्वच्छ, चांगल्या दाबाचं पाणी. ते माझ्या बुटावर पडत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो. मागे पाइप नसलेल्या नळाला पाणी येणं, हे माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच नकाशात बसत नव्हतं. मग मी वाकून नीट पाहिलं. नळ तसाच होता, पण माझा नव्हता.

घरी येऊन मी बायकोला अगदी सहज विचारलं, “गल्लीतल्या भिंतीवर एक नळ आहे, तो नवीन बसवला का गं?”

“मागच्या आठवड्यात, सोमवारीच. का?”

“काही नाही. आधीच्या नळाला काय झालं होतं?”

“पाणी येत नव्हतं. तुमचे ते दातांचे डॉक्टर म्हणाले मला फाटकाशी, ‘भिंतीवरचा एक नळ बंद आहे, कुणाला तरी सांगा.’ किती काळजी असते बघा त्या माणसाला. मी प्लंबरला बोलावलं. आणि अहो, तो नळ चक्क नुसता भिंतीत चिकटवलेला होता. मागे पाइपच नाही. प्लंबर म्हणाला, इतका गाढव माणूस त्याने धंद्यात बघितला नव्हता. मी म्हटलं, मीही नाही. बागेची लाइन आतून गेलीच आहे, तिला जोडून दिला त्याने. लोक दुवा देतात आता.”

“आणि जुना नळ?”

“नेला त्याने. अहो, तुम्ही असे खाली का बसलात?”

मी बसलो होतो खरा. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी डबी शोधण्यात घालवलेल्या आठ दिवसांपैकी सात दिवस डबी तिथे नव्हतीच. खेळाचा नियम आहे, की डबी हरवली तर मालकाने ताबडतोब तसं जाहीर करायचं. म्हणजे मी ॲप उघडून एक ओळ लिहायची होती: डबी जागेवर नव्हती, डॉक्टरांची हार धरू नये. एका ओळीचं काम. मी ॲप उघडलंही. तिथे तो एक दिसला.

आयुष्यात मी कुणालाही कशातही हरवलेलं नाही. शाळेत लिंबूचमच्याच्या शर्यतीत माझं लिंबू सुरुवातीच्या रेषेवर पडलं होतं. लग्नाच्या आधी बायकोला दोन स्थळं आली होती. त्यातल्या पहिल्याने नकार दिला म्हणून तिच्या घरच्यांनी मला होकार दिला. आणि आता हा एक माझा होता, तो मी आपल्या हाताने पुसायचा. मी ॲप बंद केलं, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तसाच पितळी नळ आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावून त्याचं पोट रिकामं केलं.

बेत असा: सकाळी सातला जायचं, चालू नळ काढायचा, हा बसवायचा. साडेआठला मंडळी येतील, टाळ्या वाजवतील, जातील. मग पुन्हा चालू नळ बसवायचा. आधी फक्त बागेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागणार होता. टाकीजवळ चार व्हॉल्व्ह आहेत, चारही सारखे. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि त्यातला एक घट्ट बंद केला.

मग गल्लीत जाऊन पाना लावला. नळ तीन आट्यांत सुटला, माझ्या कानाजवळून गेला आणि मागे भिंतीतून पाण्याची धार अशी आली, की माझा चष्मा समोरच्या घराच्या पायरीवर सापडला. (तो नंतर सापडला.) मी दोन्ही अंगठे भोकावर दाबले. पाणी थोडं कमी झालं, पण आता मला तिथून हलता येईना. हाक मारावी तर कुणाला मारणार? बायकोला मारली असती तर नोटीस घेऊनच आली असती.

अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर दिसले. हातात छोटा आरसा.

“मी म्हटलं, तुम्ही जागा सांगायच्या आत शेवटचा एक प्रयत्न करून बघू,” ते म्हणाले. मग जवळ आले. “काय झालं?”

“काही नाही. नळ जरा...”

“अंगठा हलवू नका.” त्यांनी बाही वर केली, आवाज एकदम दवाखान्यातला झाला. “डावा हात सोडा. हळू. आता मी रुमाल भरतोय. थोडा दाब वाटेल.”

दाढ भरावी तसा त्यांनी रुमाल पिळून पिळून त्या भोकात भरला आणि वर आपला तळहात दाबून धरला. मी माझा तळहात त्यांच्या हातावर दाबला. आम्ही दोघं नखशिखांत भिजलेले, एकमेकांना चिकटून, भिंतीकडे तोंड करून उभे. माझ्या शर्टाच्या खिशातून नवा नळ डोकावत होता, त्याची तोटी निघाली होती आणि आतली बाटली दिसत होती.

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं. मग भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. हुशार माणूस. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी कदाचित काहीतरी थाप मारली असती. ते गप्प राहिले म्हणून मला सगळं सांगावं लागलं.

“म्हणजे त्या सोमवारपासून डबी इथे नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“काल संध्याकाळी.”

“मग काल का नाही लिहिलंत?”

मी भिंतीकडे बघितलं. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. “तो एक पुसला गेला असता,” मी म्हणालो.

पाणी कोपरांवरून ठिबकत होतं. मग त्यांनी विचारलं, “रविवारी, पहिल्या दिवशी, डबी होती?”

“होती.”

“मी तो नळ हातात धरला होता. फिरवून बघितला. पाणी आलं नाही, तर मी काय केलं? तक्रार केली. चारशे अकरा डब्या शोधलेल्या माणसाला कोरडा नळ बघून वाटलं, नळ बिघडलाय.” ते हसायला लागले, आणि ते हसले की हात हलायचा आणि धार माझ्या नाकात यायची. “नाही हो, मी हरलोच. सरळ हरलो. एक तसाच राहू द्या.”

“अहो पण नियमाने...”

“नियमाने पहिल्या दिवशी डबी होती आणि मला सापडली नाही. खरं सांगू? बाकीच्या सगळ्या डब्या मला तासाभरात मिळाल्या. त्या आठवड्यात मी पेशंटच्या जबड्यात बघताना तुमच्या भिंतीचा विचार करत होतो. असा आठवडा कितीतरी वर्षांत गेला नव्हता.”

आता मात्र मला फार लाज वाटली. त्यांनी मला एक टोला दिला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचा हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात बायको आली. सोबत प्लंबर. मी बंद केलेला व्हॉल्व्ह बागेचा नव्हता, इमारतीतल्या चोवीस घरांचा होता. रविवारी सकाळी चोवीस घरं तोंडाला साबण लावून थांबली होती आणि चोवीसही घरांनी सेक्रेटरीला फोन केला होता. बायकोने आम्हा दोघांकडे पाहिलं. डॉक्टरांना म्हणाली, “तुम्ही भिजलात हो.” मला काही म्हणाली नाही. बारा वर्षांच्या संसारात तिचं काही न म्हणणं काय असतं, ते मला माहीत आहे.

प्लंबरने आत जाऊन घरांचा व्हॉल्व्ह उघडला, बरोबर बागेचा बंद केला, येऊन रुमाल ओढून काढला आणि दोन मिनिटांत नळ बसवला. तोवर साडेआठ वाजले होते. मुख्याध्यापिकाबाई आणि पंधरा मंडळी गल्लीत जमली. भाषणाची दोन पानं खिशात लगदा झाली होती. मी आपलं खरं काय ते सांगून टाकलं. नळ कसा लपवला, कसा गेला, मला कधी कळलं आणि मी सकाळी काय करायला निघालो होतो. सांगताना कुणी हसलं नाही, ते मला जड गेलं.

मग प्लंबर म्हणाला, “एक मिनिट. तो बिनपाइपचा नळ माझ्याकडेच आहे.” त्याने पिशवीतून तो काढला. “चांगलं पितळ आहे, म्हणून ठेवला. आत बाटली होती, तिच्यात कागद. कागदावर नाव, तारीख, वेळ लिहायला सांगितलं होतं. मला वाटलं तपासणीचा असेल. मी लिहिलं.”

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. खाली प्लंबरचं नाव, मोबाइल नंबर आणि शेरा: ‘नळाला पाइप नाही. काम करणारा अडाणी.’

“नियमाप्रमाणे डबी यांना सापडली,” बाई म्हणाल्या. “पहिली सही यांची.”

डॉक्टर सगळ्यांत आधी पुढे झाले आणि त्यांनी प्लंबरचा हात हातात घेऊन मनापासून हलवला. मग मंडळींनी टाळ्या वाजवल्या. प्लंबरला काही कळलं नव्हतं, पण टाळ्या त्याला आवडल्या. त्याने तिथेच उभ्या उभ्या टायपिस्टबाईंकडून ॲप घेतलं.

डॉक्टरांचा तो एक अजून तसाच आहे. तो पुसावा म्हणून मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दोनदा अर्ज केला, त्यांनी दोन्ही वेळा तो मागे घ्यायला लावला. बायकोने मला लेखी नोटीस दिली, ती फलकावर महिनाभर होती. डॉक्टर अजून चहाला येतात. मी आता त्यांना पाण्यात पाहत नाही. एकदा त्यांच्याबरोबर तासभर पाण्यात उभं राहिल्यावर ते जमत नाही.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. पाइपात, जाळीत, खांबाच्या पोटात काय काय मावतं, हे प्लंबरला आमच्यापेक्षा फार चांगलं कळतं. नवी डबी आली की कागदावर पहिली सही त्याची असते. दुसरी डॉक्टरांची, पुढे ‘धन्यवाद, मजा आली.’ आणि तिसरी माझी. मुख्याध्यापिकाबाई मला धीर देतात, म्हणतात, काही का असेना, तुम्ही कायम पहिल्या तिघांत असता. ते खरंच आहे. पहिलं येण्यासाठी धावणारे आमच्या गटात आम्ही तिघंच आहोत.